दादाची साठी आणि नाशिकची रेड वाइन: तीन दिवसांचा बेत कसा आखू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साठ वर्षं पूर्ण होताहेत. तो आणि वहिनी नागपूरहून तीन दिवसांसाठी आमच्याकडे येणार आहेत. दादाला रेड वाइन मनापासून आवडते. रात्रीच्या जेवणासोबत एकच ग्लास, पण तो तासभर पुरवून घेतो. बाटलीवरचं लेबल धुऊन, वाळवून वहीत चिकटवतो आणि खाली दोन ओळी लिहितो. व्हाइट, रोझे किंवा बुडबुड्यांची वाइन त्याला नको असते.

मी गंगापूर रोडला वीस वर्षं राहते, पण पाहुण्यांना वायनरीत नेलं ते सूर्यास्त दाखवायला आणि पिझ्झा खायला. दादाला तसं न्यायचं नाही. त्याला जे प्यायला आवडतं ते कुठून येतं, कसं होतं, हे त्याला नीट बघता यावं अशी फार इच्छा आहे. वहिनी शाकाहारी आहेत आणि पीत नाहीत, त्यांचेही तीन दिवस कंटाळवाणे जायला नकोत. कुठे जावं, कुठलं टाळावं, आणि हा आठवडा बरोबर आहे का? सविस्तर सांगा, मी वही घेऊन बसले आहे.

बागवाला दिंडोरी

ताई, आठवडा अगदी बरोबर निवडलात. दहा दिवस आधी आलात तरी चालेल, पण मार्च संपेपर्यंत थांबू नका.

आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीवर. युरोपात तोडणी पावसाळी थंडीच्या तोंडावर, ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आपण पावसाळा टाळून हिवाळ्यात फळ घेतो. दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि वरून पाऊस नाही, असे हे तीन-साडेतीन महिनेच नाशिकच्या वाइनचे. पांढऱ्या जाती जानेवारीपासून निघायला लागतात. लाल जाती वेलीवर जास्त दिवस ठेवाव्या लागतात. तुमचे दादा येतील तेव्हा शिराझ, कॅबर्ने यांचे घड काही प्लॉटमध्ये वेलीवर असतील आणि काही क्रेटमध्ये भरले जात असतील.

त्यांना एक गोष्ट नक्की करायला लावा. बागेत कुणाला तरी विचारून शिराझचा एक मणी तोंडात टाकायला सांगा. खायच्या द्राक्षाच्या निम्मा मणी, जाड साल, आत दोन-तीन बिया. आधी मणी बोटात चिरडून रस बघायचा. रस जवळजवळ पांढराच असतो. रेडचा सगळा रंग सालीत. मग बी दाताखाली फोडायची. हिरवी असेल तर तोंड आखडतं. तपकिरी होऊन कडकन फुटली आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागली, तर माल तयार. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर सगळ्यांकडे असतो, लाल जातींना साधारण २२ ते २४ ब्रिक्स आली की तोडणीचं बोलणं सुरू होतं. पण साखर झाली आणि बी हिरवी राहिली, तर त्या वाइनमध्ये कच्चा तुरटपणा उतरतो. आमचे वडील यंत्राआधी बी फोडायचे.

आणखी एक सांगतो, कारण वायनरीच्या काउंटरवर हे कुणी सांगणार नाही. आमच्याकडे दोन एकर शिराझ होती. ज्या कंपनीशी करार होता तिने २००९ च्या हंगामात माल उचललाच नाही. वाइनच्या द्राक्षाला बाजार समितीत कोण विचारणार? बारीक मणी आणि बिया. घड वेलीवर सुकले. दीड एकर मुळासकट काढून थॉमसन ही खायची जात लावली. अर्धा एकर वडिलांनी हट्टाने ठेवली, तिचा माल आज दुसरीकडे जातो आणि वेळेवर पैसे येतात. त्या काळात या भागात अशी पुष्कळ शिराझ निघाली. जी उरली, तिच्या वेली आता चांगल्या जुन्या झाल्यात.

रात्रीचा प्रवासी

एक गाडी करा, सकाळी नऊला निघा. सुला, यॉर्क, सोमा या वायनरी, मग दिंडोरीची आणि येताना आणखी एक. एका दिवसात पाच होतात, आम्ही मित्रांनी केलं आहे. उरलेले दोन दिवस त्र्यंबक, सप्तशृंगी.

पिंप २२५

प्रवासी भाऊ, पाच होतात, पण रेडची आवड असणाऱ्या माणसाला ते करायला लावू नका. टॅनिन म्हणजे तुरटपणा, तो जिभेवर साठत जातो. सातव्या-आठव्या रेडनंतर चांगल्या टेस्टरलाही सगळं सारखंच लागतं. दिवसाला दोन ठिकाणं, मध्ये जेवण आणि झोप. यापलीकडे मी जाऊ देणार नाही.

मी अकरा वर्षं नाशिकला वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरते तिथे, काम केलं. हँडलच्या नावातला आकडा ओक लाकडाच्या पिंपाचा आहे: नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, त्यात ७५० मिलीच्या ३०० बाटल्या मावतात. आता दादांसाठी लिहितो.

बुकिंग करतानाच फोनवर सांगा की फक्त रेड चाखायच्या आहेत. नेहमीच्या टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाइन असतात आणि त्यात रेड दोनच येतात. आधी सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी वेगळी रांग लावून देतात, थोडे पैसे जास्त पडतात. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवायचा. सान्जोव्हेसे किंवा टेम्प्रानिलो असेल तर आधी, मग मर्लो, मग शिराझ, मग कॅबर्ने, आणि ओकमध्ये मुरलेली रिझर्व्ह सगळ्यात शेवटी. घोट तोंडात फिरवून पिकदाणीत टाकायला संकोच करू नका. सेलरमध्ये आम्ही सगळे तेच करतो. गिळत बसलो तर दुपारपर्यंत काम संपेल.

रेड कशी होते ते बघायला फेब्रुवारीइतका चांगला महिना नाही. घड देठापासून वेगळे करून, चिरडून, सालीसकट टाकीत जातात. फर्मेंटेशन, म्हणजे रस आंबणं, सुरू झालं की वायूने सालींचा चोथा वर तरंगतो, हातभर जाड थर होतो. तो तसाच राहिला तर वरून सुकतो, खराब होतो, आणि खालच्या रसाला रंग मिळत नाही. म्हणून खालचा रस पंपाने वर घेऊन चोथ्यावर सोडायचा, दिवसातून दोन-तीनदा. पंप चालू असताना टाकीच्या शिडीवर उभं राहिलात तर जांभळ्या रसाचा, यीस्टचा आणि गरम चोथ्याचा एकत्र वास येतो. तो वास मी आजही झोपेत ओळखीन. टूर घेणाऱ्या मुलाला विचारा, 'आज पंपिंग किती वाजता आहे?' एवढा एक प्रश्न विचारला की त्याला कळतं, हे पाहुणे नुसते फोटोसाठी आलेले नाहीत. तो तुम्हाला थोडं आत नेईल. मात्र टाकीत वाकून बघू नका. कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, माणूस बेशुद्ध पडतो. जिथवर नेतील तिथवरच जायचं.

दुसरा प्रश्न पिंपांजवळ विचारायचा: हीच वाइन टाकीतली आणि पिंपातली, दोन्ही चाखायला मिळेल का? नेहमी मिळत नाही. मिळाली तर तो क्षण दादा विसरणार नाहीत. टाकीतली शिराझ जांभळासारखी थेट असते. पिंपातली गोल झालेली असते, मिरी, लवंग, भाजलेल्या लाकडाचा वास. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडलेली असते. हिरव्या सफरचंदात असतं ते आंबट मॅलिक आम्ल, बॅक्टेरिया त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्या-ताकातलं. म्हणून मुरलेली रेड दातांना लागत नाही.

आणि 'रिझर्व्ह' या शब्दावर भुलू नका. प्रत्येक वायनरी तो आपापल्या रीतीने वापरते. ओक होतं का, किती महिने, नवं की जुनं, हे विचारा.

गोदाकाठ

पिंप दादा, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतला. ठिकाणांबद्दल नावानिशी सांगाल का? आणि इगतपुरीकडे जाण्यात अर्थ आहे का? लांब पडतं.

कावनई वाट

अर्थ आहे का म्हणजे काय, ताई! रेडसाठी तर तिकडेच जायचं. शहरातून तास-सव्वा तास. संजेगाव, कावनईच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोवर झंपा. व्हॅलोनेची वायनरी लहान आहे, मुकणे धरणाच्या बाजूला, आणि तिथे माल्बेक ही लाल जात मिळते, जी नाशिकमध्ये फार कमी ठिकाणी लावली गेली. सिरा, मर्लो, कॅबर्ने पण आहेत. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष, फक्त नावाची रीत वेगळी, हे दादांना माहीत असेलच. माणसं कमी असतात, बोलायला वेळ देतात. जेवण तिथेच करा, टेबल आधी सांगून ठेवा.

ग्रोवरबद्दल एक खुलासा. त्यांची ला रिझर्व्ह दादांनी नक्की प्यायली असेल, पण ती बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची. ग्रोवर मूळचे तिकडचे, २०१२ मध्ये नाशिकच्या व्हॅली द विनशी एकत्र आले आणि ग्रोवर झंपा झालं. तसंच फ्रातेल्लीची सेत्ते अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातली. वहीत लेबलं लावतात ना दादा? मग कुठली बाटली कुठल्या मातीतली हे त्यांना नक्की आवडेल.

वहिनींना सकाळी कावनईच्या कपिलधारा तीर्थावर न्या. कुंभमेळ्याचं मूळ स्थान म्हणून तिथली श्रद्धा आहे. वर किल्ला आहे, गुडघे बरे असतील तर चढा.

पिंप २२५

कावनई वाटशी सहमत. गंगापूरच्या बाजूचं सांगतो.

सुला वगळू नका. गर्दी असते, मान्य. पण सुलाचे संस्थापक राजीव सामंतांनी तिथे वेली लावल्या तेव्हा नाशिकची द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं एवढंच समीकरण होतं. २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या आणि २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हा लोक 'इथे बायकामाणसांनी जायचं का' असं विचारायचे. आज आजीआजोबा नातवंडांना घेऊन येतात. सोमवार ते गुरुवार, सकाळची पहिली टूर घ्या. तिथे दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि रासा शिराझ शेजारी शेजारी मागा. एकच द्राक्ष, पण दोन्हींत अंतर किती पडतं हे दादा स्वतः सांगतील.

तिथून पुढे गंगापूर-सावरगाव रस्त्यालाच यॉर्क. गुरनानी कुटुंबाने काढली, योगिता, रवी आणि कैलाश या तिघा भावंडांच्या नावांवरून नाव पडलं. २०२१ पासून ती सुलाकडे आहे. यॉर्कची अ‍ॅरोस ही शिराझ आणि कॅबर्नेची ब्लेंड, माझ्या मते नाशिकच्या उत्तम रेडपैकी. समोर धरणाचं पाणी दिसतं, तिथे दुपारी चारनंतर बसा.

दिंडोरीची शांदों वायनरी सुंदर आहे, पण ती मुख्यतः स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची. दादांसाठी तो वेळ वाया.

तिसऱ्या दिवशी निफाडकडे कुंदेवाडीला रेव्हेलो. नेरो द'आव्होला आणि सान्जोव्हेसे ही इटलीची द्राक्षं त्यांनी आपल्या मातीत लावली. हे काम किती धाडसाचं, हे बागवाला भाऊ सांगतील. फोन करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका.

बागवाला दिंडोरी

धाडसाचंच. कुठल्या खुंटावर कलम, कुठल्या तारखेला छाटणी, भुरी, डावणी हे रोग किती धरतात, काहीच माहीत नसतं. पाच-सहा वर्षं गेल्यावर कळतं. आणि निफाडची थंडी वेगळीच. जानेवारीत तिथे पारा कधी कधी इतका उतरतो की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

वहिनींसाठी: त्याच दिवशी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला जा. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. फेब्रुवारीत परदेशी पक्षी अजून असतात. सूर्य वर यायच्या आत पोहोचा. कुंदेवाडी तिथून जवळ.

काळा मसाला

खाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पाहुणे नाशिकला आले की आपण सकाळी मिसळ खायला नेतो. वायनरीच्या दिवशी नेऊ नका! तर्रीने जीभ भाजली की दुपारपर्यंत रेडची चव कळत नाही. तिखटावर अल्कोहोल आणखी जळजळतं आणि टॅनिन कडू लागतं. मिसळ शेवटच्या दिवशी, निघताना. वायनरीच्या दिवशी सकाळी थालीपीठ आणि लोणी, किंवा उपमा. पोट भरलेलं हवंच.

रात्री घरी शिराझ उघडणार असाल तर काळ्या मसाल्याचं मटण करा, पण मिरची निम्मी, सुकं खोबरं चांगलं काळपट भाजून. शिराझमध्ये मिरीसारखा वास असतो आणि मटणाच्या चरबीने तुरटपणा मऊ होतो. वहिनींसाठी चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, त्याचा धुरकट वास ओकच्या वाइनशी इतका छान जुळतो की दादा मटण सोडून भरीत खातील. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं होतं.

बाटली प्यायच्या आधी तासभर तरी फ्रिजमध्ये ठेवा. 'रेड खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे फेब्रुवारीअखेरीस दुपारी खोली तीस अंशांवर असते. १६ ते १८ अंश हवेत.

आणि घेतलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला बसू नका. मी दोन वर्षांपूर्वी सहा बाटल्या तशा ठेवल्या. दोन तासांनी आलो तर दोन बुचं वर सरकलेली, आणि घरी उघडली तेव्हा वाइनला शिजवलेल्या मनुक्यांची चव. महिनाभर पैसे साठवून घेतलेली रिझर्व्ह होती ती. थर्माकोलचा खोका न्या, गाडीत पायाशी ठेवा.

कावनई वाट

चालकाचं राहिलं. तिन्ही दिवस न पिणारा चालक लावा. घरातल्या कुणी 'मी फक्त चाखीन' म्हणून गाडी चालवायची नाही. सावरगाव रस्ता अंधारात अरुंद आहे, ट्रॅक्टर दिव्यांशिवाय येतात. बाटल्यांची बिलं जपा. सुलाफेस्टचे, म्हणजे सुलाच्या संगीत महोत्सवाचे, दिवस सोडून या, तेव्हा तो रस्ता तासन्‌तास हलत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. बेत असा ठरला: पहिला दिवस सकाळी सुला, दुपारी घरी झोप, चारला यॉर्क. दुसरा दिवस कपिलधारा आणि व्हॅलोने, एवढंच. तिसरा दिवस नांदूर मध्यमेश्वर आणि रेव्हेलो. बागवाला भाऊ, तुमचा अर्धा एकर बघायला येऊ का? व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

बागवाला दिंडोरी

या की. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला या, सुलाच्या आधी. त्याच आठवड्यात तोडणी आहे.

गोदाकाठ

मंडळी, काल रात्री दादा-वहिनी गाडीत बसले. आठवण ताजी आहे तोवर लिहिते.

साडेसहाला बागेत पोहोचलो तेव्हा अंगावर शाल लागत होती. बायका ओळीने बसून घड कापत होत्या, खाली निळे क्रेट. भाऊंच्या वडिलांनी दादाच्या हातात मणी दिला. दादाने बी फोडली आणि काही बोललाच नाही. मग आणखी एक मागितला. चाळीस वर्षं पितोय आणि रस पांढरा असतो हे आज कळलं, म्हणाला. त्याच्या बोटांना लागलेला सालीचा रंग दुपारपर्यंत गेला नव्हता, त्याने धुतलाही नाही.

सुलाला पहिल्या टूरला आम्ही सातच जण होतो. दोन्ही शिराझ शेजारी मागितल्या. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग कसा बघायचा ते तिथल्या मुलीने शिकवलं: तरुण वाइनची कड जांभळी, वय झालेलीची विटकरी. रासा दादाला जास्त आवडली, मला दिंडोरी. यॉर्कला अ‍ॅरोस उघडल्यावर तो अर्धा तास पाण्याकडे बघत बसला.

पंपिंगचा प्रश्न एका ठिकाणी विचारला. मुलगा आधी चमकला, मग म्हणाला, 'दहा मिनिटं थांबा.' आम्हाला शिडीखालपर्यंत जाता आलं. पिंप दादा, तो वास. वहिनी पीत नाहीत, पण त्याच सगळ्यात जास्त वेळ तिथे उभ्या होत्या. त्यांना त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाची आठवण आली.

पिंपातली वाइन मात्र कुठेही मिळाली नाही. विचारलं, हंगामाची घाई म्हणाले. माल्बेक चाखली, दादाने दोन बाटल्या घेतल्या. निफाडला नेरो द'आव्होला त्याला सगळ्यात नवी वाटली, वहीत तिच्याखाली दोन ओळींऐवजी अख्खं पान झालंय. पहाटे तलावावर वहिनींनी रोहित बघितले आणि त्यांनी पण त्याच वहीत, मागच्या पानावर, पक्ष्यांची यादी केली.

रात्री भरीत केलं. काळा मसाला ताई, तुमचे सासरे बरोबर होते.

दादा विचारतोय, ऑक्टोबरात छाटणी बघायला आला तर चालेल का?

बागवाला दिंडोरी

चालेल ताई, दसऱ्याच्या आसपास फोन करा, तारीख सांगतो. जुने कपडे आणा. छाटणीनंतर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते औषध हाताळलं की आधी-नंतरचे काही दिवस दारू अजिबात चालत नाही, थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते. दादांना पेस्टला हात लावू देणार नाही, लांबून बघतील. तरी त्या दिवशी बाटली आणू नका. आई पिठलं-भाकरी करेल.